सापगावच्या पुलाखाली: लहान मुलाची पहिली मासेमारी



मागच्या मे महिन्यात माझी सहा वर्षांची भाची मुंबईहून सुट्टीला आली होती. शहापूरहून मुरबाडकडे निघालात की सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो. त्या पुलाच्या खालच्या अंगाला, उथळ पाण्याच्या कडेला आम्ही दोघं बसलो होतो. तिच्या हातात बांबूची बारीक काठी, काठीला तंगूस, टोकाला दुकानात मिळाला तो सगळ्यात लहान गळ आणि त्यावर अर्धं गांडूळ. आयुष्यातली पहिली मासेमारी! वीस मिनिटं काहीही घडलं नाही. मग तिने विचारलं, ‘मामा, हे पाणी कुठे जातं?’

मी म्हटलं, ‘मुंबईला.’

‘आमच्या नळात?’

‘हो.’

‘मग मासे पण येतात?’

हसू नका, प्रश्न अगदी बरोबर आहे. भातसा धरण वरच्या बाजूला आहे. मुंबईला रोज जे पाणी लागतं त्यातलं जवळपास निम्मं या एका धरणातून येतं. तानसाचं पाणी जसं धरणापासूनच पाइपात शिरतं, तसं भातसाचं होत नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून वाहत खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथे महापालिका ते उचलते आणि पांजरापूरला शुद्ध करते. म्हणजे मे महिन्यात सापगावच्या पुलाखाली जे पाणी खळखळताना दिसतं, ते एका अर्थी मुंबईची उघडी पाइपलाइन आहे. आणि त्याच महिन्यात शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. ही गोष्ट तुम्ही बातम्यांत ऐकलेली असणार, म्हणून तिथे थांबत नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच. भाचीला गळ दिला, नदीकाठी बसवलं आणि मला वाटलं, आपण किती पारंपरिक काम करतोय! नंतर जरा खोदून बघितलं तेव्हा लक्षात आलं की शंभर वर्षांपूर्वी याच भागात सहा वर्षांच्या मुलाची पहिली मासेमारी अशी झालीच नसती. महिना मे नसता, जागा नदी नसती, आणि हातात गळही नसता.

मग काय असतं? जून असता. मृगाचा पाऊस. तीन-चार दिवस झोडपून काढलेलं, शेतं तुडुंब भरलेली, बांधावरून पाणी ओहोळात, ओहोळातून नदीत. आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढतायत. आपल्याकडे याला वलगण म्हणतात. तळकोकणातले लोक ‘चढणीचे मासे’ म्हणतात, पण गोष्ट तीच. पावसाचं नवं गढूळ पाणी लागलं की नदीतला मासा अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतो. नदीतून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. का? कारण खाचरातलं पाणी कोमट असतं, वेग नसतो, आणि पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर. भाताचं शेत हे माशांचं बाळंतघरच म्हणा ना. मग पाऊस ओसरायला लागला की हीच पिल्लं बोटभर होऊन पाण्याबरोबर परत नदीकडे उतरतात.

आता विचार करा, पाणी किती खोल? पोटरीपर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. म्हणून लहान मुलांची शाळा तिथे भरायची. बांधाला जिथे पाणी जायला मोरी ठेवलेली असते तिथे बांबूच्या कामट्यांची टोपली लावायची. तोंड रुंद, शेपूट निमुळतं, मासा शिरला की मागे वळता येत नाही. (या टोपलीचं नाव गावागणिक बदलतं, त्याबद्दल शेवटी बोलू.) टोपली लावायचं काम मोठ्यांचं. आजूबाजूला दगड आणि चिखल लावून पाणी तिच्याकडे वळवायचं कामही मोठ्यांचं. लहान मुलाचं काम काय? टोपली उलटी केली की उड्या मारणारे मासे गोळा करायचे आणि शिंगटीला हात लावायचा नाही. शिंगटीच्या परांत काटा असतो. तो एकदा लागला की मुलगा आयुष्यभर विसरत नाही. पुस्तकात वाचून हे कळत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

पुढची इयत्ता चिंबोऱ्यांची. ओहोळातले दगड उचलायचे, खाली हात घालायचा. मग पावसाळा संपल्यावर छोटं डबकं बांध घालून तोडायचं, भांड्याने पाणी उपसायचं आणि चिखलात राहिलेले मळ्या, मरळ, वाम हातानेच धरायचे. उपसायचं काम भयंकर कंटाळवाणं असतं, म्हणून ते पोरांकडे. खोल डोहावर पाग फेकणं ही सगळ्यात वरची इयत्ता. पाग म्हणजे ते गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं, हवेत फुगून पाण्यावर पडतं. तोल आणि खांद्यात जोर असल्याशिवाय कुणी ते मुलाच्या हातात देत नसे.

थोडक्यात, नदीपर्यंत पोचायला मुलाला काही वर्षं लागायची. मी भाचीला थेट शेवटच्या वर्गात नेऊन बसवलं होतं.

आता इतिहासाकडे येऊ. हे सगळं शिकवणारे लोक कोण? शहापूर-मुरबाडमध्ये कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी. पावसाळ्यात मासे सगळेच पकडायचे. पण ज्यांचं पोट त्यावर अवलंबून होतं असे म्हणजे प्रामुख्याने कातकरी. नावातच धंदा आहे: खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ साली इंग्रजांनी वन कायदा आणला, जंगलं राखीव व्हायला लागली, आणि खैर तोडून कात काढणं हे एका झटक्यात सरकारच्या मर्जीवर आलं. मग कोळसा, मग दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, मग वीटभट्ट्या. जमीन बहुतेकांच्या नावावर नव्हतीच. जंगलाला दार लागलं तेव्हा कुणाची परवानगी न घेता जाता येईल अशी एक जागा उरली: ओहोळ आणि नदी. पावसाच्या तोंडाला घरात धान्य संपलेलं असतं, मजुरी नुकती सुरू होत असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वलगण लागते. त्यामुळे त्या घरातल्या मुलाची पहिली मासेमारी ही हौस नव्हती. संध्याकाळचं कालवण होतं.

आता गंमत बघा. माशांबद्दल कागदावर काय लिहिलं गेलं?

माळशेज घाट चढून वर गेलात की पलीकडे जुन्नर, पुणे. तिथे १८२०च्या दशकात कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. त्याला माशांचं वेड. त्याने पकडणाऱ्या लोकांना माशांची नावं विचारली आणि ती नावं सरळ लॅटिनमध्ये चिकटवून टाकली. १८३९ साली त्याने जाहीर केलेल्या नावांत कोलस, पोटेल, नुक्ता, फुलुंगी असे शब्द दिसतात. दख्खनच्या महसीर माशाचं आजचं शास्त्रीय नाव आहे ‘टॉर खुद्री’. त्यातलं ‘खुद्री’ साइक्सने दिलेलं. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आज हे नाव घेतो तेव्हा मुळा-मुठेच्या काठावरच्या कुणा अनाम मासेमाराचा शब्द उच्चारतो. ज्यांनी नावं सांगितली त्यांची नावं मात्र कुठे नाहीत. हे मला फार लागतं, पण पुढे जाऊ.

१८७३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एका वर्षात भारतातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर दोन पुस्तकं आली. एक होतं मद्रासकडे नोकरीला असलेल्या एच. एस. थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचं, ‘द रॉड इन इंडिया’. साहेबाने भारतात गळाने मासे कसे पकडावेत, महसीरशी कशी झुंज द्यावी, वगैरे. खेळ म्हणून मासेमारी. आज आपण यूट्यूबवर रीळ आणि रॉड घेऊन बसलेले जे लोक बघतो त्यांचे हे पणजोबा. आणि माझा तो सहा वर्षांच्या मुलीला एकटा गळ देऊन शांत बसवायचा बेत? तोही खरं म्हणजे थोडा इकडूनच आलेला. ओहोळावर कुणी शांत बसत नाही, तिथे आरडाओरडा असतो.

दुसरं पुस्तक म्हणजे फ्रान्सिस डे याचा सरकारी अहवाल. डे मूळचा डॉक्टर, पुढे सरकारचा मत्स्यव्यवसाय निरीक्षक. त्याने भारत आणि ब्रह्मदेशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले: मासे कमी होतायत का, जाळ्याचा डोळा किती बारीक, पावसाळ्यात अंडी घालायला चढणारे मासे पकडतात का, पिल्लं मारतात का? त्याचं म्हणणं होतं की बारीक जाळी, सापळे आणि प्रजननाच्या वेळची मासेमारी यांनी नद्या रिकाम्या होतायत. पण त्याने आणखी एक गोष्ट लिहिली होती. पाटबंधाऱ्यांच्या भिंतींमुळे माशांची वर जायची वाट बंद होते, म्हणून भिंतीत त्यांच्यासाठी रस्ते ठेवा.

याच्यातून पुढे काय निघालं? १८९७चा भारतीय मत्स्य कायदा. त्यात पाण्यात सुरुंग उडवणं आणि विष कालवणं हे गुन्हे ठरले; दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. शिवाय प्रांतांना अधिकार मिळाला की निवडक पाण्यात सापळे, बांध आणि जाळ्यांचा डोळा यांवर नियम करा. सुरुंगावर बंदी योग्यच होती. गेळफळ कुटून पाण्यात टाकायचं आणि गुंगलेले मासे वेचायचे ही जुनी रीतही त्यात आली. आजचे लोक त्याजागी ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशक टाकतात, ते तर शतपटीने वाईट. पण बघा, अहवालातला छोट्या माणसाच्या टोपलीचा भाग कायद्यात आला. मोठ्या भिंतीचा भाग राहून गेला.

आणि भिंती तर आत्ता कुठे सुरू होत होत्या. तानसा धरण १८९२चं, शहापूर तालुक्यातलंच. भातसा १९८३च्या सुमाराला उभं राहिलं, ७१७ अब्ज लिटर उपयुक्त पाणीसाठा असलेलं. त्या भिंतीतून माशाला वर जायला वाट नाही. धरणाच्या खाली राहिलेला मासा बाजूच्या ओहोळांत चढतो, जेवढे उरलेत तेवढ्यात. वरच्या पाण्यात राहिलेला वरच राहतो. शेजारच्या मुरबाडमध्ये काळू नदीवर असंच धरण बांधायला घेतलं, तेव्हा गावकरी आणि श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेले आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. तिथली चर्चा जंगल, घरं आणि जमिनीची होती आणि असायलाच हवी. माशाची वाट हा त्यातला अगदी छोटा, कुणी फारसा न बोललेला तुकडा.

धरणाने अजून एक केलं. पूर्वी या नद्या उन्हाळ्यात आटायच्या आणि डोह उरायचे. उरलेला सगळा मासा त्या डोहांत. मोठे झालेल्या पोरांना पागेरी करायची ती याच दिवसांत. आता सापगावला मे महिन्यात वाहतं पाणी आहे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला नदी पूर्वीपेक्षा जिवंत दिसते. पण या पाण्याचं वेळापत्रक पाऊस ठरवत नाही, धरणाचा दरवाजा ठरवतो.

मासेही बदलले. १९५२ साली तिलापिया भारतात आणला गेला. आपल्याकडे त्याचं चिलापी झालं. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेतली, आणि त्यानंतर गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ देशभरातल्या तळ्या-धरणांत बीज म्हणून सोडता यायला लागले. त्या शोधाने लाखो लोकांना स्वस्त मासा मिळाला, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आज तुमच्या मुलाच्या गळाला पहिला मासा लागला तर तो चिलापी असण्याची शक्यता भरपूर. आजोबांच्या टोपलीत तो नव्हताच.

आता तो प्रश्न, ज्यावर मला तुमच्याकडून शिव्या पडतील. वलगणीचा मासा पकडावा का? बाजारात गाभोळी भरलेला मासा दिसला की लोक तुटून पडतात. समुद्रात १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि ओहोळात त्याच आठवड्यात अंड्यांनी भरलेली मादी टोपलीत. शहरातले निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, हे बंद करा. मला वाटतं, बंद करा म्हणणं सोपं आहे, कारण ते डेचंच वाक्य आहे, दीडशे वर्षं जुनं. एका घराच्या एका टोपलीने नद्या रिकाम्या झाल्या नाहीत. धरणाने वाट बंद केली, वाळू उपशाने अंडी घालायची जागा नेली, ओहोळ बुजवून प्लॉट पडले. ज्याच्या घरात त्या रात्री दुसरं काही नाही त्याला मी काय सांगणार? पण मी? माझ्याकडे फ्रीज आहे. मी वलगणीला गेलो तर बघायला जाईन, भाचीला पाण्यात उभं करीन, आणि पोट फुगलेला मासा हातात आला तर सोडून देईन. जो हौसेने जातो आणि फोटोसाठी पोतंभर नेतो त्याच्या बाजूने मी नाही.

आणि न पकडायची शिकवणही जुनीच आहे बरं का. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे गाव आहे, आता पालघर जिल्ह्यात. तिथे तिळसेश्वराच्या देवळाजवळच्या डोहातले मोठमोठे मासे देवाचे. महसीर. त्यांना कुणी पकडत नाही, येणारे-जाणारे खायला टाकतात. कितीतरी मुलांना मोठा मासा पहिल्यांदा दिसतो तो असा, हातात चुरमुरे घेऊन पायरीवर उभं असताना. देवाच्या नावाने का होईना, एक डोह राखला गेला. तसंच मरळ माशाचं. तिची नारिंगी-तांबूस पिल्लं पाण्यावर घोळक्याने फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. पिल्लांच्या घोळक्यात गळ टाकला की राखण करणारा मोठा मासा हमखास लागतो, इतका तो चिडलेला असतो. पकडायला याहून सोपं काही नाही. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘चीटिंग आहे.’

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण हा भाग ऐकून कुणीतरी रविवारी मुलाला घेऊन निघणार. पावसाळ्यात लहान मुलाला भातसेच्या पात्रात उतरवू नका. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात, पण सहलीला आलेल्या माणसापर्यंत तो पोचेलच असं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस तिकडे कसाऱ्याच्या डोंगरात पडलेला असतो आणि पाणी इकडे चढतं. खाली खडवलीला याच नदीत दरवर्षी माणसं बुडतात. जुन्या लोकांनी पोरांना आधी ओहोळावर ठेवलं, नदी राखून ठेवली, त्याला कारण होतं. उन्हाळ्यातही कडेलाच बसा, आणि मुलाच्या हाताच्या अंतरावर बसा. मोबाइल बघत नाही. तो नंतर बघा, हा भाग तेव्हा ऐका.

आमचं त्या दिवशी काय झालं? गळाला काहीच लागलं नाही. कंटाळून भाचीने काठी टाकली आणि काठच्या दगडांखाली हात घालायला लागली. मी ओरडणार होतो, पण तेवढ्यात पलीकडे कपडे धूत असलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘अगं, दगड आपल्याकडे उचल. पलीकडे उचललास तर पळंल.’ तिने तसं केलं. अंगठ्याएवढी चिंबोरी निघाली. आजींनी तिला मागून कशी धरायची ते दाखवलं, दोन मिनिटं कौतुक झालं, आणि चिंबोरी परत पाण्यात. घरी येईपर्यंत तिने ही गोष्ट रिक्षावाल्यासकट सात जणांना सांगितली. गळाचा उल्लेख एकदाही नाही.

आता त्या टोपलीचं. ओहोळाच्या मोरीला लावायच्या बांबूच्या टोपलीला तुमच्या घरी काय म्हणतात? शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, कर्जत, कुठलंही गाव चालेल. आजीला, आजोबांना विचारा, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, गावाचं नाव सांगा आणि पाठवा. ती कुणी विणायचं, कुठल्या बांबूची, आणि त्यांनी पहिला मासा पकडला तेव्हा त्यांचं वय काय होतं, हेही विचारा. पुढच्या भागात ते आवाज ऐकू.